भट्टीच्या तोंडाएवढी पोर

निमियाने कपाळावरचे केस स्वतःच कात्रीने कापले होते, तेही वाकडेतिकडे. शनिवारी ती अंगणात आली तेव्हा न्या सेफेरिनाला आधी हसूच आलं. "उंदराने कुरतडले की काय गं?" असं म्हणत तिने ती झुलपं बोटांनी वर केली आणि तिचं हसू जागीच विरलं. पोरीला भुवया नव्हत्या. डाव्या डोळ्याच्या पापण्याही करपून आखूड झाल्या होत्या, आणि भुवईच्या जागी कातडी लालसर चकाकत होती.

"हे काय झालं?"

"काही नाही, माद्रिना." निमियाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर सेफेरिनाने घेतलं होतं, म्हणून बाकीची पोरं आदराने न्या सेफेरिना म्हणत, म्हणजे सेफेरिनाबाई, आणि ही एकटी माद्रिना म्हणे, म्हणजे धर्मआई.

"भुवया आपोआप गळाल्या?"

"काडी पेटवत होते."

"काडी हातात धरतात की कपाळाला लावतात?"

निमियाने समोरच्या थाळीतलं चीज कुस्करायला घेतलं, कारण तिच्या हातांना रिकामं बसणं आता माहीतच नव्हतं. सेफेरिनाने तो हात धरून उलटा केला. तळव्यावर एक फोड होता, फुटून सुकत आलेला.

"भट्टी कुणी उघडली?"

"मीच."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. नाहीतर जेवायला उशीर झाला असता."

सेफेरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांच्या पोरीने उशिराची काळजी करायची, आणि ती कुणाच्या जेवणाची, तर घरात बसलेल्या तीन दांडग्या पुरुषांच्या जेवणाची. तिने स्वतःला आवरलं आणि सरळ विचारलं, "शाळेत बाईंनी विचारलं नाही, तोंड असं कशाने झालं म्हणून?"

"मी शाळेत जात नाही."

"दुपारच्या शाळेत जातेस ना तू?"

"यंदा नाही. आई परत येईपर्यंत नाही."

"आणि आई कधी येणार?"

"ती तिकडे स्पेनला ज्या म्हातारीला सांभाळते ना, ती मेली की," निमिया म्हणाली आणि चीज कुस्करत राहिली.

सेफेरिना चिडली म्हणून वस्तीला कधी नवल वाटत नसे. ती चिडतच असे. पाववाला कालचा पाव आजचा म्हणून खपवू लागला की चिडे, पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं आणि इकडे भट्टी निवली की त्यांच्यावर चिडे, आणि कुणी चिपाच्या, म्हणजे चीजच्या पावाच्या, पिठात चरबीऐवजी डब्यातलं तेल घातलं असं नुसतं कानावर आलं तरी दिवसभर धुसफुसत राही. पण ते रागावणं पोळीवरच्या फुग्यासारखं, आलं आणि गेलं. हे तसं नव्हतं.

पिरिबेबुय गावाबाहेर लाल मातीच्या रस्त्यालगतची ही वस्ती, आणि तिच्या टोकाला सेफेरिनाचं घर. मागच्या अंगणात आंब्याखाली तिची ताताकुआ, म्हणजे विटा आणि चिखलाची घुमटासारखी भट्टी, एका ओट्यावर बांधलेली. शनिवारी सकाळी वस्तीतली पोरं तिच्याकडे रांधायला शिकायला येत. फी कसली आणि काय. कुणी दोन अंडी आणी, कुणी लिंबं. सेफेरिनाला मूलबाळ नव्हतं, नवरा गुमेर्सिंदो जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि शनिवारी अंगणात गलका नसला तर तिला चैन पडत नसे.

शिकवायची तिची रीत ठरलेली होती. वाढदिवस बिढदिवस ती विचारत नसे. पोराचं अंग बघे. चिमटीत बारीक दाणा धरता आला की ताटात बडीशेप द्यायची, त्यातले खडे निवडायला. पुढचे दुधाचे दात पडले की अंडी फोडायची आणि चीज कुस्करायचं. काठवटीच्या काठावर कोपर टेकले की मळायला घ्यायचं. पाण्याची भरली बादली विहिरीपासून न सांडता आणता आली की सुरी हातात, आणि मांदिओकचे कंद सोलायचे. आणि भट्टी सगळ्यात शेवटी. भट्टीपुढे पोराला उभं करायचं आणि बघायचं. तोंड भट्टीच्या तोंडासमोर येत असेल तर चालता हो, झाडाखाली जाऊन खेळ. हनुवटी भट्टीच्या तोंडाच्या वरच्या कडेपलीकडे गेली तरच फळी उघडायला हात लावायचा. झाकण काढलं की आतली सगळी झळ एकदम बाहेर येते, आणि ती नेमकी समोर येते. मोठ्या माणसाच्या पोटावर येते. पोराच्या डोळ्यांवर येते.

यावर कुणी हुज्जत घातलेली तिला खपत नसे. "माझी पोर हुशार आहे हो, तिला येईल," असं एखादी आई म्हणाली की सेफेरिना म्हणे, "हुशारीने उंची वाढते का? मग थांब."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः आठ वर्षांची असताना तिच्या बापाने तिला असुन्सिओनला एका घरी पाठवली होती, क्रियादा म्हणून. गरिबाची पोर शहरातल्या घरी राहणार, घरातलं जरासं बघणार आणि त्या बदल्यात ते तिला जेवू घालणार, शाळा शिकवणार, असा तो शब्द. जरासं म्हणजे सगळं. चुलीपर्यंत हात पोचत नव्हता म्हणून मालकिणीने तिला संत्र्यांच्या खोक्यावर उभी केली. एके सकाळी ते खोकं डुगडुगलं आणि उकळतं दूध तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत आलं. मालकीण आधी दुधासाठी ओरडली. शाळा सेफेरिनाने फाटकापर्यंत पाहिली, मालकिणीच्या पोरांची दप्तरं पोचवताना. परत आली तेव्हा ती मोठी झालेली होती, तिला बारा प्रकारचे रस्से करता येत होते आणि स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तो हात अजून तसाच होता, सुरकुतलेल्या सायीसारखा. ती लांब बाह्यांचंच घालायची आणि विषय निघू द्यायची नाही.

म्हणून निमियाचा हात धरून ती त्याच दुपारी तिच्या घरी गेली तेव्हा रस्त्यात भेटलेल्या दोघींनी तिचं तोंड बघून नुसती वाट दिली.

निमियाचा बाप वेनान्सिओ सावलीत खुर्ची टाकून बसला होता. थंड पाण्यात पाला भिजवून केलेलं तेरेरे चाललं होतं, पेला बापाकडून पोरांकडे आणि पोरांकडून बापाकडे फिरत होता. थोरला देर्लिस मिसरूड फुटलेला, धाकटा अल्सीदेस त्याच्या खांद्याला लागलेला. दोघांच्याही हनुवट्या भट्टीच्या तोंडाच्या केव्हाच वर गेल्या होत्या. वेनान्सिओ वीटभट्टीवर कामाला, माणूस कष्टाळू होता, पीत नव्हता, बायको सुनिल्दा स्पेनला गेल्यापासून दुसरीकडे बघत नव्हता. वस्ती त्याला चांगला म्हणत असे. सेफेरिनाला त्या दिवशी त्याच्या चांगुलपणाचाच जास्त संताप आला.

"या न्या सेफेरिना, बसा. निमिया, त्यांना खुर्ची आण."

"निमिया काही आणणार नाही. पोरीच्या भुवया कुठे गेल्या, वेनान्सिओ?"

"अहो, केसच ते. येतील परत."

"डोळे गेले असते तर तेही आले असते का परत?"

वेनान्सिओने पेला खाली ठेवला. "मी काय तिला भट्टीत ढकललं? मी कामावर होतो. तिचं तीच करते सगळं. आवड आहे तिला."

"शाळेची आवड नव्हती वाटतं?"

"एका वर्षाने काय बिघडतं? सुनिल्दा आली की जाईल. घर कुणीतरी बघायला नको का?"

"हे दोन खांब बसलेत त्यांना बघता येत नाही?"

देर्लिसने मोबाईलमधून मान वर काढली आणि पुन्हा खाली घातली. वेनान्सिओ हसला, खरंच गंमत वाटल्यासारखा हसला. मग जे म्हणाला ते त्याने रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"न्या सेफेरिना, तुम्हीच तर तिला तयार केलीत. जाताना सुनिल्दा काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मला काळजी नाही, निमियाला सगळं येतं, न्या सेफेरिनाच्या हाताखालची पोर आहे. म्हणून तर ती जाऊ शकली. आणि लोक आपल्या पोरी तुमच्याकडे कशाला पाठवतात असं वाटतं तुम्हाला? चित्रं काढायला?"

सेफेरिना म्हणाली, "पोर माझ्याकडे राहील. बाप्तिस्म्याला हातावर घेतलीय, तेवढा हक्क आहे माझा."

"न्या की. पवित्र आठवडा तुमच्याकडे करू दे तिला. बुधवारी तेवढी चिपा करायला पाठवा."

"पाठवत नाही."

"मग आम्ही करू. मी काय भट्टी कधी पाहिली नाही? जन्म गेला माझा भट्टीवर."

घरी येऊन सेफेरिनाने मका उखळात घातला आणि मुसळ हाणायला सुरुवात केली. पीठ कधीच झालं होतं, तरी ती हाणत होती. शनिवारी अंगणात येणारी पोरं एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे आली. लुरदेस, मारिएला, कान्दिदाच्या जुळ्या, ही, ती. सगळ्या पोरी. पोरं म्हणजे पोरगे कधी आलेच नव्हते, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं, तुमचा पोरगा कुठाय म्हणून. आपण या पोरींना आगीपासून लांब ठेवतो असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात ती त्यांना तयार करून देत होती, खोक्यावर उभं राहायला. फक्त हे खोकं असुन्सिओनला नव्हतं, घरातच होतं.

"माद्रिना, पीठ उडतंय सगळं," निमिया म्हणाली.

"उडू दे."

"मी झाडू का?"

"तू बस. नुसती बस."

निमिया बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "नुसतं बसून काय करायचं?" सेफेरिनाने मुसळ टाकलं आणि तोंड फिरवलं, कारण रडताना कुणी बघितलेलं तिला आवडत नसे.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार म्हणजे वस्तीत चिपाचा दिवस. घराघरात काठवटी निघतात, मांदिओकचं पांढरं पीठ, चीज, अंडी, चरबी, बडीशेप, सगळं एकत्र मळलं जातं आणि भट्ट्या दिवसभर पेटलेल्या असतात. गुरुवारी दुपारचं मोठं जेवण झालं की चूल विझते, ती एकदम शनिवारी पेटते. मधल्या शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आग नाही, सुरी नाही, केरसुणी नाही, काही नाही. चिपा असते तेवढीच खायची. दुकानं बंद, रस्त्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या बायाही घरी. आणि बुधवारी चिपा विकत आणायची म्हणजे घरात माणूस मेल्यासारखं, लोक वर्षभर नावं ठेवतात. घरातल्या चिपांच्या टोपल्या मग फडकं झाकून या घरून त्या घरी जातात.

वस्तीतल्या निम्म्या बायका सेफेरिनाच्या भट्टीवरच भाजून न्यायच्या. त्या बुधवारी सगळ्या जमल्या तेव्हा तिने हात पुसत सांगून टाकलं, "वेनान्सिओच्या घरी यंदा कुणी टोपली द्यायची नाही."

कान्दिदा तिची शेजारीण, तोंडाची तिखट आणि मनाची मऊ. ती म्हणाली, "अगं बाई, पवित्र आठवड्यात माणसांना उपाशी ठेवायचं? पाप लागेल."

"लागू दे मला. पोर माझ्याकडे आहे, ती पोटभर खाईल. बाकीच्या तिघांना प्रत्येकी दोन हात आहेत."

"पुरुषांना कुठे जमतंय गं हे?"

"बोटं असतात ना त्यांना? मी बघितलीत. गिटार वाजवताना व्यवस्थित चालतात."

बायका हसल्या, पण कान्दिदा हसली नाही. "आणि समजा, शुक्रवारी उपाशी राहून शनिवारी त्याने पोरीला परत नेलं आणि पुन्हा भट्टीपुढे उभी केली, तर? बाप आहे तो. तू काय करशील?"

सेफेरिनाला तेच भय होतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं तिला सहन झालं नाही. "तू तुझी चिपा बघ, कान्दिदा, करपतेय," ती म्हणाली. चिपा करपत नव्हती.

दुपारी वेनान्सिओच्या परसातून धूर निघाला. आधी पांढरा, मग काळा, मग असा दाट की आंब्यावरचे पोपट उठून गेले. बायका कुंपणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. निमियाही धावली, तिला सेफेरिनाने झग्याला धरून मागे ओढली. "ते निखारे काढत नाहीयेत," निमिया कासावीस होऊन म्हणाली. "माद्रिना, ते निखारे तसेच ठेवून तोंड लिंपतायत."

आणि झालंही तसंच होतं. वेनान्सिओने आयुष्यभर विटा भाजल्या होत्या. विटांना आग आत ठेवायची आणि दार मातीने लिंपून घ्यायचं. चिपाला भट्टी तापवायची, मग निखारा न निखारा बाहेर ओढायचा, ओल्या फांद्यांच्या झाडूने आतून झाडून घ्यायची, मक्याचं पान टाकून बघायचं, ते सावकाश तांबूस झालं की मगच केळीच्या पानांवर चिपा आत सरकवायच्या. मक्याचं पान भक्कन पेटलं तर थांबायचं. हे वस्तीतल्या सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. वेनान्सिओने वस्तीतल्या उत्तम कारागिराच्या आत्मविश्वासाने चिपांच्या विटा भाजल्या. संध्याकाळी लिंपण फोडलं तेव्हा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा लगदा झालेल्या, बशीएवढ्या गोल वस्तू निघाल्या. चीज कुणी कुस्करलंच नव्हतं, त्याचे गोटे पिठात तसेच होते. अल्सीदेसने एक घास घेतला आणि कुत्र्याला टाकला. कुत्रा तो हुंगून निघून गेला. हे सगळं कुंपणावरून वस्तीने पाहिलं.

गुरुवारी सकाळी वेनान्सिओ सेफेरिनाच्या अंगणात आला, एका हातात पिठाची बादली, दुसऱ्या हातात टोपी. मागे दोन्ही पोरगे. भट्टी पेटवायला दुपारपर्यंतचाच वेळ होता.

"न्या सेफेरिना, निमियाला जरा..."

"नाही."

"माझं ऐकून तर घ्या. भट्टीपुढे नाही उभी करत. नुसतं मळून देऊ दे. बाकी मी बघतो."

"ती आज कशाला हात लावणार नाही. तुला चिपा हवी तर इथे शिकायला बस. मी शिकवते. माझी रीत ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग ते घे." तिने एका बुटक्या स्टुलाकडे बोट केलं. समोर ताटात बडीशेप होती, आणि शेजारच्या स्टुलावर चार वर्षांची लुरदेस जीभ बाहेर काढून खडे निवडत होती.

वेनान्सिओने स्टुलाकडे पाहिलं. "मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"विटांच्या भट्टीवर. इथे चारचा आहेस."

देर्लिस फिस्सकन हसला. सेफेरिना वळली. "तूही. आणि तूसुद्धा, अल्सीदेस. दात पडलेत ना तुमचे? मग अंडी फोडा. टरफल गेलं तर हाताने काढायचं, गिळायला नाही सांगणार."

वेनान्सिओ एवढंच म्हणाला, "लोक बघतायत."

"काल बघत होते तेव्हा लाज वाटली नाही. आज वाटतेय, हे बरंय." मग तिचा आवाज चढला, आणि अंगणातलं सगळं थांबलं. "ही पोर इतके दिवस एकटी करत होती तेव्हा कुणी बघितलं, सांग ना. तिच्या हाताला फोड आला तेव्हा तू कुठे होतास? आईशी व्हिडिओवर बोलताना दिसू नये म्हणून तिने केस कापून कपाळावर ओढले. तुला वाटलं, नवी फॅशन आहे."

वेनान्सिओने निमियाकडे पाहिलं. ती आंब्याच्या बुंध्याला टेकून उभी होती, हात पाठीमागे धरून, कारण हात पुढे आले की कामाला लागतात. मग तो गुडघे छातीशी घेऊन स्टुलावर बसला.

"असं नाही," लुरदेस त्याला म्हणाली. "आधी फुंकायचं."

त्याने फुंकलं. अर्धी बडीशेप उडाली. लुरदेसने वैतागून त्याच्याकडे बघितलं आणि आपलं ताट लांब सरकवलं.

सेफेरिनाने एकही पायरी गाळली नाही. बडीशेप, अंडी, चीज, चरबी फेसून पांढरी होईपर्यंत हाताने घोटणं, मग पीठ, मग मळणं. त्याचे खांदे विटांनी घडलेले, तरी मळून मळून घाम आला. पीठ तडकत होतं. "अजून," ती म्हणे. परत तडके. "अजून." देर्लिस अंडी फोडताना एकदा शिवी पुटपुटला आणि कान्दिदाने त्याच्या डोक्यात टपली मारली. निमियाची बोटं झग्याच्या कडेशी चाळा करत होती. एकदा ती नकळत पुढे झाली, काठवटीशी, आणि सेफेरिना न बघता म्हणाली, "हात मागे." ती मागे गेली.

भट्टी तापली. निखारे ओढून काढताना वेनान्सिओने एकदा झाडूच पेटवला. मक्याचं पान टाकलं, ते भक्कन जळालं, थांबावं लागलं. दुसरं तांबूस झालं. चिपा आत गेल्या, फळी लागली. वास सुटला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हुशारी आली. "झालं की," तो म्हणाला. "उघडू का?"

"उघड. पण असं उभं राहून नाही. गुडघ्यावर बस."

"का?"

"बस म्हटलं ना."

तो ओट्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड भट्टीच्या तोंडासमोर आलं, नेमकं समोर.

"आता तू निमियाएवढा झालास," सेफेरिना म्हणाली. तिने आपली डावी बाही कोपरापर्यंत वर सारली, आणि इतक्या वर्षांत कुणीही न पाहिलेला तो हात सगळ्यांनी पाहिला. "मी यापेक्षाही बुटकी होते. उघड आता."

त्याचा हात फळीवर गेला आणि तिथेच राहिला. आतली धग फळीच्या फटींतून त्याच्या गालांना लागत होती. त्याने सेफेरिनाच्या हाताकडे पाहिलं, मग फळीकडे.

मागून निमिया हळूच बोलली. समजावून सांगतात तसं बोलली, कारण बापाला येत नव्हतं आणि तिला येत होतं.

"पप्पा, आधी डोळे घट्ट मिटायचे. श्वास पण घ्यायचा नाही. मग उघडायचं. मी तसंच करते. त्या दिवशी फक्त विसरले."

वेनान्सिओने फळीवरचा हात काढला. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, पाठ सगळ्यांकडे करून, आणि त्याचे खांदे हलत होते. कुणी त्याला उठवायला गेलं नाही. देर्लिस पुढे आला, उंच होता तो, त्याने बाजूला उभं राहून फळी काढली आणि चिपा एकेक करून बाहेर घेतल्या. त्या वेड्यावाकड्या होत्या, काही फुटल्या होत्या, पण भाजल्या गेल्या होत्या.

सेफेरिनाचा राग त्याने उतरला असं कुणी समजू नये. तिने त्याला माफ केलं नाही, स्वतःलाही नाही. ईस्टरनंतर निमिया पांढऱ्या झग्यात शाळेला निघाली तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली, खात्री करायला. आणि पुढच्या शनिवारी कान्दिदा तिच्या जुळ्यांना घेऊन आली, तर सेफेरिना फाटकात आडवी उभी होती.

"यांचा भाऊ कुठाय?"

"तो झोपलाय गं. पोरगा आहे तो."

"मग उठव," सेफेरिना म्हणाली. "तो आल्याशिवाय या आत येणार नाहीत."